घोडी पडली

अगं, व्हायोलिनच्या तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात ना, त्याला आम्ही वाजवणारे घोडी म्हणतो. दहिवलीतल्या माझ्या क्लासात पोरांना हे पहिल्याच दिवशी कळतं, पण कळंबच्या लग्नात नवरीच्या वडिलांना कोण सांगणार? नवरदेव यायच्या बेतात, आमचा ऑर्केस्ट्रा तयार, आणि मी किंचाळले, “अरे देवा, घोडी पडली!”

नवरीचे वडील धावत आले. “घोडी पडली? आन् नवरा कुठं हाय?”

मी सैल तारा आवरण्यात गुंग. म्हटलं, “नवरा घरी झोपलाय. तो कसला येतोय!”

बिचारे मटकन खालीच बसले. तेवढ्यात फाटकातून नवरदेव आला, चांगला घोडीवर बसून. तसे नवरीचे वडील उठले आणि भर मांडवात माझ्यावर ओरडले, “अवो बाई, आला की तुमचा नवरा!”