ऑफिसातल्या बाईंना काय सांगायचं

—नाही हो काका, झोप लागली होती. काल संध्याकाळी पाळणाघराच्या दारात तुम्ही हाका मारल्यात, मी डोळे उघडे ठेवून गाडीत नुसती बसून राहिले म्हणता — मग काय, आम्हा आयांना उघड्या डोळ्यांनी झोपायची सवयच असते. लेकरू अंगावर असताना कोण मिटतंय डोळे? हसला नाहीत. बरं. मी आपलं एवढंच म्हणते, आज त्या सरकारी मदतीच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन येईल तुम्हाला — माझ्या कामाला जायच्या-यायच्या गाडीचे पैसे देतात ना, त्या. मुदत संपतेय, म्हणून विचारतील, बाई गाडीत कशा असतात, काही त्रास दिसला का — तर नाही म्हणा. ठणठणीत आहे म्हणा.

काय? त्रास आहे म्हटलं तरच गाडी चालू राहील? ते मला कळत नाही होय! सातवी शिकलेय, तेवढं कळतं. फीट आली, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, लाँड्री पार त्या टोकाला, बस अर्ध्या वाटेत सोडते, पुढे नुसता ट्रकचा रस्ता — म्हणून तुमची गाडी. आता वर्षभर फीट नाही, म्हणजे स्कूटर चालू, गाडी बंद. तुमचंही भाडं बुडणार, तेही कळतं. पण आहे म्हटलं, की त्या बाई डॉक्टरांना कळवणार, डॉक्टर आमच्या ह्यांना बोलावणार, आणि ह्यांनी मागेच सांगून ठेवलंय — पुन्हा एकदा जरी झालं ना, पोरगी ताईकडे. ताई म्हणजे माझ्या वन्सं. चांगल्या आहेत हो, खोटं कशाला बोलू. त्यांना मूलबाळ नाही, हिच्यावर जीव टाकतात. छोटी खाटसुद्धा आणून ठेवलीय. गुलाबी. मला फोटो पाठवला, मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना — विहिरीला निदान कठडा असतो.

आणि ती फीट नाहीच मुळी. फीट म्हणजे पडणं, दातखीळ बसणं. हे आपलं कुणीतरी दिवा घालवावा आणि लगेच लावावा, तेवढंच. चादरींच्या घड्या घालताना होतं कधी — समोरची ओरडते, अगं टोक ओढ की, माहेरी गेलीस काय? मी म्हणते, गेले नि आलेसुद्धा, कुणी चहा विचारला नाही. हसतात सगळ्या. संपलं. पोरगीही घाबरत नाही. माझ्या हातातला पेला कलंडायला लागला की खालून दोन्ही हातांनी धरते. रडत नाही, हाक मारत नाही. मग म्हणते, आली आई. परवा बाहुलीला भरवत होती — मध्येच थांबली, बाहुलीचा हात वर करून ठेवला तसाच. म्हटलं, अगं भरव ना. तर मलाच दटावते — थांब, ती आता आई झालीय.

हे तुम्हाला कशाला सांगत बसलेय मी? त्या बाईंना हे नका सांगू. त्यातलं काहीच नका सांगू. तुमच्या लेकीसारखी आहे मी.

मग कामाला? स्कूटर आहे की. ह्यांनी नवी बॅटरी घातली, पुसून-बिसून दारात लावून ठेवलीय. सकाळी आधी पाळणाघर, मग लाँड्री. पोरगी कुठे म्हणजे? पुढे, माझ्या पायांमध्ये उभी राहील, हँडल धरून. शहाणी आहे. तिला सांगेन मी — मध्येच आई थांबली, तर तू — तर तिने —

सांगेन काहीतरी. अजून वेळ आहे.

काका, सिग्नल हिरवा झालाय. मागचे हॉर्न मारतायत, ऐकू येत नाही का? काका. चला ना.