आवाज बंद, गाणं चालू

दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या एसी बसस्टॉपवर अनुराधाबाई पिशवीत हात घालून जपमाळ ओढत होत्या. माळ पुरी झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिची शाळकरी लेक बोलत होत्या.

“इरा, फोनवर गाणं चालू आणि आवाज बंद? हे काय गं?”

“मम्मा, डोन्ट टच! सिग्नेचं आहे. नॉर्वेची सिंगर.”

“तुझ्या वर्गातल्या सगळ्या तर त्या स्वीडनवालीच्या मागे आहेत.”

“दॅट्स व्हाय! तिचे फॅन्स करोडो. सिग्नेला कोणी विचारत नाही. इथून गाणं जास्त वेळा प्ले झालं, तर ती दुबईत शो करेल, इन्शाल्ला.”

“मग ऐक तरी.”

“ऐकायचं कशाला? नुसतं चालू ठेवलं तरी काउंट वाढतो.”

“आणि तिला बिचारीला वाटतं, दुबई ऐकतेय!”

“मम्मा!”

“खलास, पुरे आता. चल, बस आली.”

अनुराधाबाईंची बोटं शेवटच्या मण्याला टेकली होती; कान मात्र सगळा वेळ शेजारच्या बाकाकडे होते. घसा कोरडा पडला होता. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, जरा थांबून पुन्हा लावलं, आणि माळ पहिल्या मण्यापासून धरली.