थांबायची जागा

हॅलो? … हो, मीच. दुसरं कोण उचलणार? या खोलीत मी आणि खुर्चीवर वाळत घातलेले मोजे. … आवाज बारीक येतोय? अगं नेहमीचाच आहे. जन्म गेला विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करण्यात, आता कुठून गर्जना करू?

… दिवस ना, गेला. … हो, हो, सांगतो. ते फर्निचरचं मोठं दुकान. विक्रेता हवा होता त्यांना. आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. एक मी आणि एक चकचकीत बुटांचा. सोफ्याची माहिती छापलेला कागद दिला, म्हणाले पाठ करा आणि गिऱ्हाईक समोर आहे असं समजून बोला. … मला पाठ करायला काय लागतं! एकदा वाचला, झाला. पण आधी त्याची पाळी आली. … बोलला की. आणि मध्येच अडकला. ‘हे लाकूड…’ म्हणाला आणि तोंड उघडंच. … मग काय मग! गेलं माझ्या तोंडून. … हो, दिला शब्द. ‘वाळवीला दाद देत नाही.’ अगदी हळूच. … हसू नकोस. … मुद्दाम कोण करतं असं? समोर माणूस अडकला की माझ्या जिभेला राहवत नाही. पुढचं सगळं वाक्यामागून वाक्य दिलं त्याला. … लागली ना! त्याला लागली नोकरी! मॅनेजर म्हणतो, काय सहज बोलता हो तुम्ही. … माझी पाळी आली तर म्हणे, जरा मोठ्यानं, ऐकू येत नाही.

… नाही, रागावलो नाही. बूट मात्र चांगले होते मेल्याचे.

ते सोड. आज प्रयोग ना? … मध्यंतर? म्हणजे दोन अंक झाले. काय म्हणतोय माझा धाकटा भाऊ? … ‘भाऊजी छान करतायत’ म्हणजे काय छान? … बायका रडल्या? पहिल्या रांगेत तुझी मावशी असेल. ती जाहिरात बघूनही रडते. … जळत नाही गं मी. … बरं, जळतोय! इतकी वर्षं मी विंगेत उभा, आपल्या हिरोला कधी साधं पडसं झालं नाही. मी नोकरी शोधायला गाव सोडलं आणि आठवड्यात तो जिन्यावरून पडला! … माहितेय, पाय मोडलाय, त्याला बोल लावत नाही. पण माझ्या जागी प्रॉम्प्टिंगला उभा केलेला हा, याला एकदम मुख्य काम? नाटकातला नायक म्हातारा घड्याळजी आहे. याला अजून मिशी धड येत नाही.

… आणि कोट कुठला घातलाय? … माझा? राखाडी? … अगं, तो मी आज सकाळी बॅग उलटी करून शोधत होतो! … खांद्यात बसतो त्याला? … तू उसवून दिलास. वा. कपडेपट सांभाळतेस तर नवऱ्याचा कोट दिराला.

… काय? … रडू नकोस, नीट सांग. … अडकला? दुसऱ्या अंकात? … आणि शब्द कुणी दिला? … दिवेवाल्यानं? अरे देवा. त्याची कुजबुज म्हणजे… शेवटच्या रांगेला ऐकू गेली? … हसले लोक?

… खरं सांगू? बरं वाटलं मला. … हो, म्हणालो. तुझ्यापाशी नाही बोलणार तर कुणापाशी?

… मी? फोनवरून? … म्हणजे तू फोन कानाला लावून विंगेत उभी राहणार, आणि मी सांगेन ते त्याला देणार. … दिवेवाल्याकडे पुस्तक आहे ना? … हो, खरंय. तिसरा अंक तालमीत बदलला, उतरवून कुणी घेतला नाही. … माझ्याच डोक्यात आहे, मान्य. … नाही. जमायचं नाही. … का म्हणजे? त्या बुटांना फुकट दिलं, आता कोटालाही देऊ? शब्दांची पाणपोई उघडलीय का मी?

… कोण म्हणालं? … तो? ‘दादा विंगेत असता तर भीती वाटली नसती’? … तू बनवून सांगतेयस. … शपथ नको घेऊस. … तिसरी घंटा झाली? … बरं. बरं! ऐक. पडद्याच्या दोरीपाशी उभी राहा. तिथली एक फळी करकरते, तिच्यावर पाय देऊ नकोस. आणि मी सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

… हं. येतोय आवाज. ‘कुलूप नवं दिसतंय.’ बरोबर. … ‘दुकान विकलं, बाबा.’ ही मुलगी नेहमीच घाई करते. … ‘आणि भिंतीवरची घड्याळं?’ … हं. ‘तीही.’ … आता त्याचं. ‘असू दे.’ … नाही बोलला? … थांब! देऊ नकोस! … अडकला नाहीये तो. श्वास ऐकू येतोय मला. अडकलेला माणूस श्वास धरून ठेवतो, हा सोडतोय. … तू गप्प, आणि दिवेवाल्याला गप्प कर. … आपला हिरो इथं कधी थांबलाच नाही, बस चुकेल अशा घाईनं ‘असू दे’ म्हणून मोकळा व्हायचा. मी थांबायचो. मनातल्या मनात, दर प्रयोगाला. एवढाच… अजून जरा… अजून…

… म्हणाला.

… कुणी खोकलंसुद्धा नाही ना? … अगं, माझी जागा होती ती. थांबायची. कुणाला सांगितली नव्हती मी, तुलाही नाही. याला कशी कळली? … काय? … समोरच्या विंगेतून माझ्याकडे बघायचा? नाटक सोडून? … मी डोळे मिटून घ्यायचो इथं? … मला नाही माहीत. … तालमीत म्हणाला होता तुला, आणि तू आज सांगतेस?

… नाही, नाही रडत. सर्दी आहे. … कोट मात्र उद्याच्या उद्या पाठव. दुसरी मुलाखत आहे माझी. आणि खांदे परत शिवून, समजलं? … पुढचं? ‘किल्ली तुझ्याकडेच ठेव.’ पण देऊ नकोस त्याला, येतंय त्याला. … येतंय गं. … सगळं येतंय.

… पडला पडदा? … टाळ्या आहेत का त्या? … फोन पुढं धर जरा. … आणखी पुढं. … माझ्यासाठी नाहीत, माहितेय मला. तरी धर. … हॅलो? … हॅलो?