आण्णांचा उलटा सिनेमा

हसू नका, पण आमच्या आण्णांनी नेमका कुठला सिनेमा पाहिला, हे मला अजून कळलेलं नाही. आई गेल्यापासून वडील कर्जतला एकटेच असतात, म्हणून मी पेनड्राइव्हवर एक कौटुंबिक सिनेमा नेला. त्याच्या दोन फायली होत्या. टीव्हीला लावला आणि कांद्याला पाणी द्यायला गेलो.

परत आलो, तर आण्णा खुशीत.

"आण्णा, शेवटी ती बायको मरते, तुम्हाला रडू नाही आलं?"

"शेवटी कुठं? ती पयल्यांदाच मेली. मग हिंडाय-फिराय लागली, हसली, शेवटी लगीनबी झालं."

घाईत मी दुसरा भाग आधी लावला होता!

"अहो, मेलेली बाई परत कशी आली, असं वाटलं नाही?"

"वाटलं की. लई गोंधळलो. पन म्हनलं, आलीय तर येऊ दे, कशाला इचारायचं?"

"चुकलंच माझं. उद्या नीट लावून देतो."

आण्णांनी रिमोट उशाखाली सरकवला.

"नीट नगं. आज लावला तसाच लाव."