बाईच्या हाताचा टाय

माझं माहेर वणीकडचं, न् नांदायला आले ती मखमलाबादला, मळ्यात, कोथिंबीर न् शेवंती, आमचं दुसरं काय असतंय. विणकाम मला येत नव्हतं, खोटं कशाला बोलू, ते शिकवलं थोरल्या जावेनं. मी तिला बाईच म्हणते, सासू नव्हती ना आम्हाला, मंग तीच सासू. लय कडक. ओळ वाकडी गेली का डोक्यात टपली. म्हणायची, सुमन, तुझा हात लय ढिला, तुझ्या टायनं गाय बांधावी.

हां, टाय. हसू येतंय ना तुम्हाला, मळ्यातल्या बाया न् टाय. तं सासऱ्यांचा एक जुना फोटो हाय, कोटातला, गळ्यात विणलेला टाय, खाली टोक नाय, सरळ कापल्यागत. बाईनं तो बघून बघून क्रोशाच्या सुईनं तस्साच केला. मंग नाशकातला एक कोट शिवणारा म्हणाला आणखी द्या, आताच्या पोरांना जुन्या तऱ्हेचं लागतं. बापाला मोठा, लेकाला बारका, असे जोडीनं जायचे. दुपारी भाजीच्या जुड्या बांधून झाल्या का आम्ही दोघी पडवीत, तिचे दोन टाय व्हायचे तवर माझा अर्धा, कारण माझं तोंडच जास्त चालायचं.

किरण तिचा एकुलता एक. त्याचं लग्न ठरलं तशी बाई म्हणाली, त्याचा टाय मी करणार, कुणी हात लावायचा नाय. वांग्याच्या रंगाचा दोरा आणला. सुरुवात रुंद बाजूनं असते, छातीवरचं सगळं विणून ती गळ्यापाशी आली, न् एका सकाळी चहाचा कप हातातनं गळाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखाना केला, मालिश केली, देवीला नवस बोलले. हात काय हलंना.

किरण म्हणाला, काकू, आता तूच पुरा कर. तीच सुई, तोच दोरा, पण हात तिचा नाय ना ताई. तिचं घट्ट, माझं ढिलं, जोड लगेच दिसायचा. उसवलं, परत केलं, परत उसवलं. तिसऱ्यांदा माझाच मला राग आला न् दोरा असा ओढला, सरसर सरसर, आणि थांबले तं काय, माझ्या ओळी संपून तिचंबी चार बोटं उसवलेलं. दुसऱ्याचं काम हाती घेतलं का त्याच्या शेवटच्या टाक्यात पिन अडकवून ठेवायची, म्हणजे उसवणं तिथं थांबतं. हे तिनंच शिकवलेलं, न् मी तेच विसरले. काय सांगू तुम्हाला, दोरा मांडीवर पडलेला, वळणं तिच्या टाक्यांची, न् ती समोर खाटेवर झोपलेली. मला हुंदकासुद्धा मोठ्यानं देता येईना.

तिला सांगितलं नाय. तिचे टाके आठवून आठवून, बोटं दुखेपर्यंत घट्ट विणला, पुरा केला, तिच्या पोटावर ठेवला. डाव्या हातानं ती खालनं चाचपत वर आली, न् बरोबर तिचे टाके संपून माझे लागतात तिथंच थांबली. अंगठा हलेना.

मी म्हटलं, बाई, चुकलं माझं.

नुसती बघत राहिली. राग हाय का माया हाय, मला काय कळंना, आणि तिला काय सांगता येईना.

आता परवा हळद हाय. किरण म्हणतो, काकू, तेवढं गाठीत जाईल, कुणाला दिसणार नाय. खरंच हाय त्याचं, दिसणार नायच. पण ती रोज खुणेनं टाय मागून घेते, न् अंगठा तिथं ठेवून पडून राहते. मी तिचे केस विंचरते, तिला घास भरवते, चमचा पुढं केला का डोकं मुद्दाम तिच्या डाव्या हाताजवळ नेते. पोराचं भलं होवो, त्याच्या संसाराला काय कमी पडू नये. मला मेलीला नुसती एक टपली मारली असती तिनं, तं बरं झालं असतं.