न वाढवलेला आकडा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय डॉक्टर, औषध विभागातले माझे जुने सहकारी, दूरदूरच्या दवाखान्यांतून आलेल्या परिचारिका, आणि जिच्यासाठी आपण जमलो ती आपली मुंगी,

सर्वांना नमस्कार.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती आपली मोबाइलच्या अॅपचं काम करणारी प्रोग्रामर. कुठे साखरेचा कण सांडला की ही तिथे हजर, म्हणून औषध विभागाने हे नाव ठेवलं. मला ते 'काटा' म्हणतात. तराजूचा की बाभळीचा, हे मी कधी विचारलं नाही.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी तिला पाखरू म्हटलं, झरा म्हटलं, आणि आता तिला मोकळं आकाश मिळणार असंही सांगितलं. छान. पण मोकळं आकाश मिळणाऱ्या माणसाचे डोळे असे सुजलेले असतात का? निमंत्रणपत्रिकेत छापलंय की ती 'वैयक्तिक कारणास्तव' नोकरी सोडते आहे. छापणाऱ्याचं चुकलेलं नाही. ते कारण असलेली व्यक्ती आज तुमच्यासमोर बोलायला उभी आहे.

घाबरू नका, अधीक्षक महोदय. मला दहा मिनिटं दिली आहेत, मी नऊच घेईन.

मी या रुग्णालयात चौतीस वर्षं औषधं दिली. लहान मुलांना कुठलं औषध किती द्यायचं, वजनाप्रमाणे, त्याचा तक्ता मी केला. पूर्वी तो छापील होता. पानं फाटत, औषधांचे डाग पडत. मग मुंगी आली आणि म्हणाली, "बाई, हा फोनमध्ये देऊ या."

मी म्हटलं, "आणि रेंज नसेल तिथे? तिथे काय फोन हलवत बसायचं?"

"रेंज लागणारच नाही. घरून डबा भरून देतात ना, तसा अख्खा तक्ता अॅपच्या पोटात आधीच भरून पाठवायचा."

"आणि कुणी त्यात बोटं घातली तर?"

"घालता येणार नाहीत. वाचायचा फक्त. काचेच्या कपाटासारखा."

मला ही पोर त्या क्षणी आवडली. माझ्या तक्त्याला कुणाचा हात लागू नये, एवढंच मला आयुष्यभर हवं होतं. मग तिने पुढची गोष्ट चहाच्या टेबलावर समजावली, आणि आज ती तुम्ही नीट ऐका, कारण सगळं तिथेच अडलंय. अॅप पहिल्यांदा उघडलं की पोटातला तक्ता फोनमध्ये मांडून ठेवतं. पुढे नवं अॅप आलं की ते तक्त्याच्या आवृत्तीचा आकडा बघतं. आकडा वाढलेला असेल, तरच जुना तक्ता काढून नवा मांडतं. आकडा तोच असेल, तर त्याला वाटतं, आहे तो ताजाच आहे.

"म्हणून बाई, एक ओळ बदलली तरी आकडा वाढवायचा हं."

मी म्हणाले, "आवृत्ती म्हणजे तुला काय चपलेचा नंबर वाटला? आकडा माझ्याकडे दे. तक्ता माझा, आवृत्तीही मीच ठरवणार." तिने फाइलमधला आकड्याचा रकाना माझ्या हवाली केला. नाइलाजाने. मोठ्या माणसांना कोण नाही म्हणतं?

दुसरी आवृत्ती याच सभागृहात प्रकाशित झाली. त्याच समारंभात मी निवृत्तही झाले, पण तक्ता मात्र माझ्याकडेच ठेवला. तुम्ही सगळे उभं राहून टाळ्या वाजवत होतात, आणि मी मान खाली घालून नम्रपणाचं सोंग करत होते. त्यानंतर तीन आठवड्यांनी, घरी जेवणाच्या टेबलावर तक्ता चाळताना मला दिसलं. खाजेवरच्या औषधाचं पान. सात किलोच्या मुलाच्या ओळीत मी चौदा किलोचा आकडा उतरवला होता. दीडऐवजी तीन मिली.

आता काय करायला हवं होतं? मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवणाऱ्या सिस्टरांनी एक शिस्त लावली होती, आणि तीच मी चौतीस वर्षं तुम्हा सगळ्यांना लावली. चूक खरवडायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं चुकलेलं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं. आणि दोन सह्या, चुकणाऱ्याची आणि साक्षीदाराची. इथे असे किती जण आहेत, ज्यांना औषधांच्या वहीत पांढरा रंग लावला म्हणून मी सगळ्यांदेखत बोलले आहे? हात वर करू नका. मला माहीत आहे.

मी पांढरा रंगच लावला. फाइलमध्ये तीनचे दीड केले आणि ती मुंगीला पाठवली, वर लिहिलं, 'किरकोळ शुद्धलेखन'. आकडा वाढवला नाही. टाळ्या विरायच्या आत तिसरी आवृत्ती काढली असती, तर कुणीतरी विचारलं असतं ना, का हो काढली? त्या एका प्रश्नाला मी भ्याले.

मग मी भाच्याने दिलेला नवाकोरा फोन काढला, त्यात अॅप घेतलं, आणि ती ओळ पाहिली. दीड. मी निर्धास्त झोपले. नव्या फोनमध्ये मांडामांड पहिल्यांदाच होणार, तिथे दीडच दिसणार! जुन्या फोनांत तीन तसाच बसून होता. मुंगीने हे मला सांगितलेलं होतं. मी ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

सगळ्यात लांबच्या दवाखान्यातल्या परिचारिकाताई आज शेवटच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी एका सात महिन्यांच्या, सात किलोच्या मुलीला तक्त्याप्रमाणे तीन मिली औषध दिलं. मुलगी झोपली ती उठेना. तिला इथे आणलं, आणि तीन दिवस तिची आई खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभी होती. मुलगी बरी झाली. आता रांगते, असं कळलं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही माझ्यावर दया न करता ऐकाल.

पहिल्याच दिवशी या परिचारिकाताईंनी मला फोन केला. "बाई, तक्त्यात तीनच आहे ना हो?"

मी काय म्हटलं? "चष्मा बदल. तक्त्यात दीड आहे."

फोन ठेवल्यावर मला सगळं उमगलं. फोन ठेवल्यावर. पण मी तो पुन्हा उचलला नाही. ताई, तुमचे डोळे चांगले आहेत. तेव्हापासून तुम्ही प्रत्येक औषध तिघींना विचारून देता, असं ऐकते. ते माझ्यामुळे.

त्याच दुपारी मुंगीने माझ्याकडून रकाना काढून घेतला, आकडा वाढवला, आणि दवाखान्या-दवाखान्यांत फोन करून प्रत्येक फोनमधली ती ओळ वाचून घेतली. मग चौकशी बसली. अधीक्षक महोदय, आपणच विचारलंत, "सुधारणा जुन्या फोनांपर्यंत का गेली नाही?" मुंगी म्हणाली, "आकडा वाढवलेला नव्हता, सर." आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "मला बाई फोनमधलं काय कळतं? मी गोळ्या मोजणारी."

आपण हसलात. सगळे हसले. आकडा कोणाच्या हातात होता, हे कुणी विचारलंच नाही. अहवालात लिहिलं गेलं, 'प्रोग्रामरची तांत्रिक हलगर्जी'. नवी नोकरी देणारा प्रत्येक माणूस आता ते तीन शब्द वाचतो. दोन ठिकाणांहून तिला नकार आलेला आहे.

मागच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. मी, चोर तो चोर आणि वर शिरजोर, तिलाच विचारते, "तू बोलली का नाहीस गं?"

तिने माझ्यापुढे चहा ठेवला. म्हणाली, "बोलले की, बाई. एकदा. तुम्ही शेजारीच बसला होतात."

तो चहा तसाच ठेवून मी उठले.

मुंगी, तुझं कौतुक करायला मला बोलावलं होतं. पण मी कौतुक करावं, हा मान मी गमावून बसले आहे. एवढंच सांगते, तुझ्या कामात मला एकही चूक सापडली नाही. आणि चुका शोधण्यात माझा हात धरणारा या इमारतीत कुणी नाही.

आयोजकांचे आभार, मला बोलावल्याबद्दल. यापुढे बोलावणार नाहीत, त्याबद्दलही. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणतात. भाषणापुरतं घाला. बाकीचं घालू नका.

अधीक्षक महोदय, हे अहवालाचं पान. 'प्रोग्रामरची तांत्रिक हलगर्जी' यावर मी एकच आडवी रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं. शेजारी काय घडलं ते लिहिलंय, त्याखाली माझी सही आहे. साक्षीदाराच्या सहीची जागा रिकामी आहे.

पेन मी आणलंय.