काळी पडलेली कुलेर

चंद्रावती: चांदी खोटं बोलत नाही, सेजल. चार पिढ्यांचा अनुभव आहे. भरवायची कुलेर काळी पडली, म्हणजे ओंकारला दृष्ट लागली.

सेजल: आई, चमचाच कशाला, तुमची जोडवीही काळीच आहेत.

चंद्रावती: ती वयानं गो. उद्या नारळी पुनवेला पोराला घेऊन माहेरी केरीला जायचं नाही. तिथं किनाऱ्यावर शंभर जणांचे डोळे. राखी पोस्टानं पाठव.

सेजल: भाऊ परवा बोटीवर परत जाणार. त्यानं अजून भाच्याचं तोंड पाहिलेलं नाही.

चंद्रावती: गौरेश, तू बारावीला केमिस्ट्री शिकवतोस ना? समजाव तुझ्या वयनीला.

गौरेश: दृष्ट नव्हे आई, गंधक. पी-ब्लॉक, सोळावा गट. चांदीवर त्याचा काळा थर बसतो.

सेजल: सगळा वर्ग झोपत असेल ना, भावोजी?

गौरेश: पहिला बाक जागा असतो. हे पळय, कढत पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद. कुलेर कागदाला टेकवायची. ॲल्युमिनियमपण पी-ब्लॉकच, तेरावा गट. तो चांदीकडचा गंधक काढून घेतो.

(कुलेर पांढरी होते.)

चंद्रावती: मेला हा वास कसला? कुजक्या अंड्याचा? श्रावणात, माझ्या रांधपाच्या खोलीत?

गौरेश: गंधकाचाच वायू. आणि एका दिवसात कुलेर एवढी काळी करतं ते उकडलेलं अंडंच.

सेजल: दृष्टच बरी होती, भावोजी. आता श्रावण बाटवल्याचं माझ्या माथी.

गौरेश: मी मूलद्रव्याचं नाव घेतलं, माणसाचं नाही. काल दुपारी त्याला भरवलं कोणी?

सेजल: मी कामावर होते.

चंद्रावती: गंधक कांद्यातपण असतो ना रे?

गौरेश: असतो. पण श्रावणभर आपल्याकडे कांदापण नाही.

चंद्रावती: मगे दृष्टच ती.

सेजल: असेल, आई. मीठ-मिरच्या ओवाळून टाका.

चंद्रावती: टाकते. दात येताना पोर किती सुकलंय, बघवत नाही गो. शिवराक भाजी-भातानं त्याच्या अंगाला काय लागणार? सकाळच्या बसनं जा केरीला. टोपी घाल त्याला.

सेजल: जाते. आई, अख्खं दिलंत?

चंद्रावती: अर्धं. उरलेलं मीच खाल्लं.